मोठ्या इंजिनाच्या फोर-बाय-फोरचं ॲव्हरेज: डिझेल जातं कुठे, वाचतं कुठे

फॉर्च्युनर, एन्डेव्हर, पजेरो, व्ही-क्रॉस, गुरखा, जुनी सफारी. या गाड्यांच्या मालकांची तक्रार ठरलेली: मुंबईत आठ-नऊच्या वर जात नाही आणि पुण्याला जाऊन आलं तरी बारा ओलांडत नाही. मग कुणी चिप लावतं, कुणी महागडा एअर फिल्टर बसवतं, कुणी प्रीमियम डिझेल भरायला लागतं. यातलं बरंचसं वाया जातं, कारण शहरात डिझेल खाणारी कारणं आणि हायवेवर खाणारी कारणं निराळी आहेत. आपली गाडी जास्त कुठे चालते हे आधी ठरवलं नाही, तर खर्च भलत्याच जागी होतो.

हिशेबासाठी एक नमुना गाडी धरू. २.८ लिटरचं टर्बो डिझेल, माणसं-सामान धरून वजन २,२०० किलो, समोरून क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.४०. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाजूल ऊर्जा असते, म्हणजे विजेच्या भाषेत दहा युनिट. हायवेवर त्यातली तेहतीस टक्के चाकापर्यंत पोहोचते असं धरू. शहराच्या रहदारीत पंचवीस टक्के. पुढचे आकडे याच गृहीतकांवरचे आहेत. तुमच्या गाडीचे थोडे इकडेतिकडे होतील, प्रमाण तेच राहील.

आधी नीट मोजा

डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज बहुतेक गाड्यांत थोडं खुशमस्करं असतं. टाकी फुल करून मोजा. पंपावर नॉझलचा पहिला कटऑफ झाला की थांबायचं. राउंड फिगरसाठी वर दोन लिटर ठासायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर. निदान चारशे किलोमीटर चालल्यावर त्याच पंपावर, जमलं तर त्याच नॉझलवर, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. चाळीस लिटरच्या भरण्यात एक लिटर इकडेतिकडे झालं तरी उत्तर अडीच टक्क्यांनी हलतं, म्हणून तीन टाक्यांची सरासरी घ्या. दोन-तीन टक्के सुधारणा झाल्याचे दावे एका टाकीवरून कुणी करत असेल तर ऐकून सोडून द्यावेत.

टायरचं माप बदललेलं असेल तर ओडोमीटर खोटं बोलतो. कंपनीच्या २६५/६५ आर १७ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर. हौशी मंडळींच्या आवडीच्या २८५/७० आर १७ चा ८३१, म्हणजे सात टक्के मोठा. गाडी १०७ किलोमीटर गेली तरी मीटर १०० दाखवतो. नवे टायर लागल्याबरोबर ॲव्हरेज दहावरून नऊवर आलं म्हणून हळहळणाऱ्याचं खरं ॲव्हरेज ९.६ असतं. तोटा झालाच, पण दिसतो तेवढा नाही. एक्स्प्रेसवेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा फोनच्या जीपीएसशी वीस-तीस किलोमीटर ताडून पाहा आणि जो फरक निघेल त्याने गुणा.

अंधेरी ते फोर्ट

पंचवीस किलोमीटर, दीड तास, एसी चालू. वाटेत चाळीस वेळा ताशी ५० पर्यंत वेग घेतला आणि ब्रेक मारून थांबलो असं समजा. २,२०० किलोला शून्यावरून ५० वर नेण्यात सुमारे २१२ किलोजूल लागतात आणि ब्रेक दाबला की ते सगळे डिस्क तापवण्यात जातात. पंचवीस टक्क्यांच्या हिशेबाने दर वेळेला साधारण २४ मिलिलिटर डिझेल. चाळीस वेळा म्हणजे जवळपास एक लिटर. उभं राहण्यात एकूण पस्तीस मिनिटं गेली, तर एवढं मोठं डिझेल इंजिन एसीसह तासाला साधारण एक लिटर पितं, म्हणून तिथे सहाशे मिली. टायरच्या रोलिंगला सातशे मिली. हवेच्या विरोधाला फक्त दोनशे. चालत्या गाडीत एसी आणि अल्टरनेटर यांना अडीचशे. बेरीज पावणेतीन लिटर, ॲव्हरेज नऊच्या आसपास. बहुतेकांना मिळतं तेच.

आता यात छतावरचा कॅरिअर काढून काय मिळणार ते पाहा. हवेचे मुळात दोनशे मिली. त्यातले तीस-चाळीस वाचतील. त्याऐवजी चाळीसपैकी तेरा-चौदा वेळचे थांबे टळले तर तीनशे मिली वाचतात, दहा टक्क्यांहून जास्त, आणि खर्च शून्य. टळणार कसे? सिग्नल लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला आणि आरपीएम आयडलच्या बरेच वर असले तर इंजेक्टर पूर्ण बंद होतात. त्या वेळेला डिझेल शून्य. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालणारा दर वीस मीटरला ब्रेक मारतो. दोन गाड्यांएवढं अंतर ठेवणारा ताशी दहाने सरकत राहतो आणि थांबतच नाही. मोकळ्या जागेत रिक्षा घुसते हे खरं आहे. घुसू द्यावी. तिच्यामुळे पाच सेकंद जातात, चोवीस मिली नाही.

५० ऐवजी ६० पर्यंत पळवून थांबलात तर तोच आकडा २४ वरून ३४ वर जातो, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना मारलेला जोर थेट ब्रेक पॅडमध्ये जातो.

मोठं इंजिन शहरात एवढं का पितं याचंही कारण इथेच आहे. सपाट रस्त्यावर ताशी वीसने सरकायला या गाडीला दोन किलोवॉटही लागत नाहीत. इंजिन मात्र दीडशे किलोवॉट देऊ शकेल एवढं. पिस्टन, रिंग, बेअरिंग, ऑइल पंप यांचं घर्षण इंजिनाच्या आकारावर आणि आरपीएमवर ठरतं, तुम्ही किती काम मागता त्यावर फारसं नाही. त्यामुळे रांगताना चाकांपेक्षा इंजिन स्वतःलाच जास्त घालतं. मॅन्युअल गिअरच्या गाडीत यावर इलाज म्हणजे वरचा गिअर लवकर टाकणं. टर्बो डिझेलला साधारण १,५०० ते २,००० आरपीएमची पट्टी मानवते. १,२०० च्या खाली ओढायला लावू नका. गाडी गदगदते, धूर सोडते, क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील मार खातात आणि वाचत काही नाही. ऑटोमॅटिकमध्ये ॲक्सिलरेटर हलका ठेवला की गिअरबॉक्स स्वतःच लवकर वर जातो. इको मोड बहुतेक गाड्यांत पायाची संवेदना मंद करतो आणि एसी थोडा सैल सोडतो; इंजिनात काही जादू करत नाही.

सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल आणि आकडे उलटे मोजणारा टायमर दिसत असेल तर इंजिन बंद करा. अपवाद एकच: घाट चढून किंवा वेगात येऊन लगेच नाही. टर्बो तापलेला असतो, त्याला मिनिटभर हलक्या आयडलवर तेल मिळू द्या.

वजनाबद्दल. लोखंडी बुलबार ५० किलो, विंच ३५-४०, छतावरचा लोखंडी रॅक ४०, हाय-लिफ्ट जॅक १३, दुसरी स्टेपनी ३०, हत्यारांची पेटी, दोरखंड, वीस लिटरचा कॅन. सहज दोनशे किलो होतात, म्हणजे नऊ टक्के. शहरात थांबे आणि टायर या दोन्ही खात्यांत हे नऊ टक्के तसेच्या तसे बसतात. कर्जत-मुरबाडच्या चिखलात महिन्यातून एकदा जाणाऱ्याने बाकीचे दिवस हे सामान घरी ठेवावं. बिल्डिंगमध्ये जागा नसते ही अडचण खरी आहे, पण निदान जॅक, कॅन आणि दुसरी स्टेपनी उतरवता येते. बुलबारबद्दल वेगळं सांगायला नको: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ते बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही ते बाधतात. अर्धी टाकी भरून वजन वाचवण्याचा खटाटोप मात्र करू नये. चाळीस लिटर डिझेल ३४ किलोचं. दीड टक्काच.

हायवेला उलटं

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नमुना गाडीला ताशी ८० ला हवा ३२० न्यूटनने (दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा भार) मागे रेटते, १०० ला ५००, १२० ला ७२०. टायरचा विरोध या सगळ्या वेगांना साधारण २६० वरच राहतो. म्हणजे ८० ला एकूण ५८०, शंभरला ७६०: एकतीस टक्के जास्त. सपाट शंभर किलोमीटरमागे हा फरक सव्वा ते दीड लिटरचा होतो आणि त्या बदल्यात पंधरा मिनिटं वाचतात. घाट सोडून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू दोन्हीकडे कारची मर्यादा १०० आहे. ८५-९० धरून मधल्या लेनमध्ये राहिलं तर ॲव्हरेजमध्ये जो फरक पडतो तो कुठल्याही ॲक्सेसरीने पडत नाही.

छताचा हिशेब इथे मांडायचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा असा की मोठी रूफ बॉक्स शहरात २ ते ८ टक्के ॲव्हरेज खाते आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगाला १० ते २५ टक्के. रिकामा रॅकसुद्धा खातो, फक्त कमी. आडव्या पट्ट्या गोल किंवा चौकोनी असतील तर शिट्टीसारखा आवाज येतो. तो आवाज डिझेलच्या पैशातून येतो. सामान आत मावत असेल तर आत, नाही तर मागच्या दाराच्या मागे, हवेच्या सावलीत. गाडी उंच करणाऱ्या दोन इंची लिफ्ट किटचंही तेच: गाडीच्या पोटाखालून जास्त हवा घुसते आणि तिथले सगळे दांडे-पाइप तिला अडवतात.

घाटाबद्दल गैरसमज बरेच. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतचा चढ सुमारे साडेपाचशे मीटर. २,२०० किलो एवढं वर उचलायला साधारण एक लिटर डिझेल लागतं, हळू जा नाहीतर जोरात. त्यामुळे बोरघाटात ट्रिप मीटरवरचा चार-पाचचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. शंभर किलो जादा सामान असेल तर या चढाला फक्त पन्नास मिली जास्त लागतात. चढताना २,००० च्या आसपास आरपीएम ठेवून एकसारखा पाय ठेवा. पाय पूर्ण दाबला की ऑटोमॅटिक दोन गिअर खाली येतो आणि तिथे खरा फटका बसतो.

उतरताना न्यूट्रल करणारे अजून आहेत. धोका तर आहेच, पण हिशेबही चुकतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला डिझेल द्यावंच लागतं. गिअरमध्ये पाय उचलून उतरलात तर इंजेक्टर बंद, डिझेल शून्य, आणि ब्रेकही थंड. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

खिडक्या की एसी हा वाद फार जुना आहे. ताशी चाळीसच्या खाली खिडक्या, त्यावर एसी. तापलेली गाडी उन्हातून काढली की पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग रिसर्क्युलेशनवर टाका. मागे कुणी बसलं नसेल तर मागचा ब्लोअर बंद. चिखलातून आल्यावर रेडिएटरपुढची कंडेन्सरची जाळी साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. ती चोंदली की कॉम्प्रेसर जास्त वेळ ओढतो. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या पापण्या वाकतात, मग हवाच जात नाही.

टायर आणि हवा

हायवे टायरचा रोलिंग विरोध वजनाच्या साधारण एक टक्का, ऑल-टेरेनचा सव्वा टक्क्याच्या आसपास, मड-टेरेनचा दीड टक्का. आमच्या गाडीला हायवे टायरवरून मडवर गेलं तर १०० न्यूटनहून जास्त विरोध वाढतो, म्हणजे शंभर किलोमीटरमागे पाऊण ते एक लिटर. ऑल-टेरेनला हाच तोटा साडेचारशे मिलीचा. वर्षातले नव्वद टक्के किलोमीटर वेस्टर्न एक्स्प्रेसवर काढणाऱ्याने मड टायर लावणं हा शुद्ध शौक आहे. शौक असावा, पण मग ॲव्हरेजबद्दल मेकॅनिकला बोल लावू नये. मोठे टायर एकेक पाच ते आठ किलो जड असतात आणि ते वजन फिरतं, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला ते नुसत्या किलोंपेक्षा जास्त जाणवतं. शिवाय नोंदणीत मान्य असलेल्या मापाबाहेर गेलं तर विम्याच्या दाव्यात प्रश्न उभे राहतात.

हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त न चालवता, थंड टायरमध्ये. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असेल तर लांबच्या प्रवासाला तो. स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त चालतं. त्यापुढे मधली नक्षी झिजते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला वेळ जातो. चिखल-वाळूसाठी १८ वर उतरवलेली हवा परत भरायला जवळ छोटा कॉम्प्रेसर हवाच. "पुढच्या पंपावर भरू" म्हणून चाळीस किलोमीटर डांबरावर आलात तर कडा तापून टायर खराब होतो. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही. तो हळू गळतो, एवढंच.

अलाइनमेंटची परीक्षा हातानेही होते. टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत आणि आतून बाहेर तळहात फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय, म्हणजे टायर सरळ न फिरता घासत चालला आहे. लिफ्ट केलेल्या गाडीत हे हमखास होतं.

४ एच कधी, २ एच कधी

पार्ट-टाइम फोर-बाय-फोर एरवी दोन चाकांवर चालते (२ एच) आणि लागेल तेव्हा चारही चाकांवर (४ एच). तिच्यात मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. कोरड्या डांबरावर ४ एच लावून वळलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात. ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी पेटी) पिळली जाते, टायर घासतात, डिझेल जातं. गाडी कोरड्या रस्त्यावर आली की २ एच. पावसाळ्यात भिजलेल्या पण घट्ट हायवेलाही गरज नसते. महिन्यातून एकदा मात्र ओल्या किंवा कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर ४ एच चालवा, म्हणजे पुढचं तेल सगळीकडे पोहोचतं आणि ॲक्च्युएटर जाम होत नाही. जुन्या जीपला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतात. रस्त्यावर आल्यावर ते फ्री करायला लोक विसरतात आणि पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल उगाच फिरत राहतात. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनर फोर-बाय-फोरला मात्र निवड नाही, ती कायम चारही चाकांवर चालते. तिचं ॲव्हरेज टू-व्हील ड्राइव्हच्या शेजाऱ्याशी ताडू नका.

ॲव्हरेज अचानक पडलं असेल तर

हळूहळू कमी झालं तर बहुधा सवय, टायर किंवा ऋतू. दीड-दोन किलोमीटरने एकदम पडलं तर काहीतरी बिघडलंय. तपासायचा क्रम स्वस्तापासून महागाकडे.

चिकटलेला ब्रेक पहिला. खारी हवा, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून काढलेली गाडी आणि चिखल यांनी कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) स्लाइड पिन गंजतात, हॅन्डब्रेकची केबल मागे सरकत नाही. पंधरा मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या मध्याशी इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एक चाक त्याच ॲक्सलवरच्या जोडीदारापेक्षा वीस-तीस अंशांनी गरम असेल तर ते धरतंय. फक्त ५० न्यूटनचा ओढ असला तरी ताशी ८० ला त्या चाकात घरातल्या इस्त्रीएवढी उष्णता सतत तयार होते आणि शंभर किलोमीटरला चारशे मिली जातात. पिन काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबराचे बूट फुगवतं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढूनच टाकायची पद्धत अजून आहे. मग हायवेवर इंजिन ६० अंशांच्या वर जात नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याला थंड समजून जास्त इंधन देतो आणि सिलिंडरही लवकर झिजतात. ओबीडी स्कॅनर (इंजिनाचे आकडे वाचणारं यंत्र) लावून पाहा: पंधरा-वीस मिनिटांनी कुलंट ८० च्या वर स्थिर दिसायला हवं. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, तो बऱ्याच गाड्यांत मोठ्या टप्प्यात मध्यावरच ठेवलेला असतो.

पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावरच पंख्याला घट्ट पकडणारा). सकाळी इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवा. जाणवेल असा, एकसारखा विरोध हवा. अजिबात विरोध नसेल तर गाडी तापेल. पूर्ण जाम असेल तर सकाळपासून सतत घोंघावेल आणि आरपीएम वाढले की काही हॉर्सपॉवर हवेत उडवत राहील.

एअर फिल्टर. टर्बो डिझेलमध्ये चोंदलेला फिल्टर म्हणजे कमी हवा, जास्त धूर, ओढ कमी, म्हणून पाय जास्त. धुळीच्या ट्रेलनंतर उघडून पाहावा. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर कमी दाबाने, हातभर अंतरावरून, आतून बाहेर. उलटं मारलं की धूळ कागदात घट्ट बसते. जवळून मारलं की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि टर्बोची पाती धूळ खातात. टर्बो ते इंटरकूलर आणि पुढे इंजिनापर्यंतचे होस हाताने चाचपा. जोडाशी ओलसर तेलकट काळपटपणा, जोर मारताना फुसफुस, मागे काळा धूर: होस फाटलाय किंवा क्लिप सैल आहे.

इंजेक्टरवर संशय असेल तर लीक-ऑफ टेस्ट मागा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एक बाटली लावून काही मिनिटं आयडलला चालवतात. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर झिजलाय. चारही एकदम बदलायला सांगणाऱ्याला आधी या बाटल्या दाखवायला सांगा. डिझेल फिल्टर आणि ऑइल फिल्टर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्तात मिळतात, पण खोका बघून न घेता खात्रीच्या दुकानातून घ्या.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० असेल तर "मुंबईच्या उकाड्याला जाड तेल बरं" म्हणून १५डब्ल्यू-४० टाकू नका. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, एसीईए या युरोपीय मानकातलं सी-ग्रेडचं तेलच हवं. पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं तेल पाहा. दुधाळ झालं असेल तर लगेच बदला, नाहीतर बेअरिंग जातील आणि मग ॲव्हरेजचा प्रश्न दुय्यम होईल.

बीएस-६ डिझेल आणि डीपीएफ

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज फक्त मुंबईत चालवून बिघडत असेल तर याच्याकडे पाहा. डीपीएफ काजळी अडवतो आणि भरला की ईसीयू जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवतो, काजळी जाळतो. हे रीजनरेशन दहा-वीस मिनिटं चालतं. त्या वेळेला आयडल थोडं चढतं, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो आणि ॲव्हरेजचा आकडा कोसळतो. दादर ते वरळी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याची गाडी हे काम सुरू करते आणि अर्ध्यात बंद होते. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दर वेळी डिझेल जातं आणि न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल कमाल खुणेच्या वर चढलेलं दिसलं तर टॉप-अपचं कौतुक करू नका, तेल बदला.

आठवड्यातून एकदा गाडी पूर्ण तापलेली असताना इस्टर्न फ्रीवे किंवा अटल सेतूवर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने, २,००० च्या आसपास आरपीएमने काढा. जरूर तर एक गिअर खाली ठेवून. रीजन चालू असल्याची लक्षणं दिसली तर घरी पोहोचलो म्हणून इंजिन बंद न करता एक फेरी जास्त मारावी. ती फेरी वाया जात नाही.

डीपीएफ किंवा ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची कामं बाजारात मिळतात. बेकायदा आहेत, वॉरंटी जाते, आणि मागच्या गाडीतल्या माणसाला तुमची काजळी खावी लागते.

कुठे पैसे घालू नयेत

टाकीत टाकायच्या गोळ्या, पाइपवर लावायची चुंबकं, सिगारेट लायटरमध्ये खोचायची चिप: शून्य. तेल लावलेले कॉटन फिल्टर हायवेवर फरक करत नाहीत आणि जास्त तेल लागलं तर ते एअर मास सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) बसून उलट ॲव्हरेज पाडतं. स्नॉर्केल (उंचावरून हवा घेणारा पाइप) पाण्यातून जाण्यासाठी आहे. ट्यूनिंग बॉक्स हा थोडा वेगळा प्रकार. तो रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) सिग्नल खोटा देऊन जास्त इंधन मारतो. जोर वाढतो, हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टरवरचा ताणही वाढतो. चांगल्या माणसाने नीट केलेल्या ईसीयू रीमॅपने खालच्या आरपीएमला टॉर्क वाढतो आणि वरच्या गिअरमध्ये राहता आलं तर थोडा फायदा होतो. बहुतेकांचा तो फायदा वाढलेल्या जोराची मजा घेण्यात संपतो.

२.७ पेट्रोल आणि तत्सम

मोठ्या पेट्रोल इंजिनात रांगताना थ्रॉटल जवळपास मिटलेला असतो आणि अरुंद फटीतून हवा ओढण्यातच बरीच शक्ती जाते, म्हणून शहरातला फरक डिझेलपेक्षाही वाईट. त्यात आता पंपावर ई-२० येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे सात टक्के घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या, ई-१० वर ट्यून केलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घटच सांगितली होती. हे मेकॅनिक दुरुस्त करू शकत नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोलही नाही. ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे, इंजिन त्यासाठी बनवलेलं नसेल तर पैसे पंपावरच राहतात.

बाकीचं स्कॅनर सांगतो. इंजिन पूर्ण गरम करून लाँग-टर्म फ्युएल ट्रिम (ठरलेल्या मापापेक्षा ईसीयूला किती टक्के इंधन कमी-जास्त द्यावं लागतंय तो आकडा) पाहा, एकदा आयडलला आणि एकदा २,५०० ला. उणे-अधिक पाचच्या आत असेल तर मिश्रण ठीक. आयडलला अधिक दहाच्या वर आणि २,५०० ला खाली येत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम होस फाटलाय. जोर वाढेल तसा आकडा वाढत असेल तर एअर मास सेन्सर मळलाय किंवा पंपाचा दाब कमी पडतोय. सेन्सर फक्त त्याच्याच स्प्रेने धुवायचा, कार्बोरेटर क्लीनरने नाही. उणे दहाच्या खाली असेल तर गळका इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) शोधा. ट्रिम सरळ असूनही गाडी पित असेल तर प्लग काढून फट मोजा, आणि दीड लाख किलोमीटर झाले असतील तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर बदला. त्याच्या नंतरचा बदलून मिश्रणात काही फरक पडत नाही, बिल तेवढं वाढतं.